याही पात्र

धुळ्याच्या आमच्या संस्थेचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, कुणाच्या तरी निरोप समारंभाचं असेल. निवृत्त शिक्षकाला शाळेचं पत्र येतं ते बहुधा तेवढ्यासाठीच. पण पत्रात वेगळंच होतं. संस्थेची शाळा, ज्युनिअर कॉलेज आणि वसतिगृह यांचा एकत्र कारभार पाहायला 'संकुलप्रमुख' असं नवं पद काढलं होतं, आणि ते भरण्यासाठी नेमलेल्या समितीवर मी तज्ज्ञ म्हणून बसावं, अशी विनंती होती.

मी त्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. शेवटची बारा वर्षं पर्यवेक्षक होतो. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालो आणि आम्ही जळगावला, पिंप्राळ्यात मुलाच्या घराजवळ राहायला आलो.

पत्र मी दोनदा वाचलं आणि बायकोला, बेबाबाईला, दाखवलं. ती शेंगा निवडत होती.

"तुमाले कशाले बोलावलं त्यायनं?" ती म्हणाली. "तुमी त भाजीवाल्यालेबी नाही म्हनत नाही."

"तज्ज्ञ म्हणून बोलावलंय."

"कशाचे?"

"मराठीचा असेन."

"मंग मराठीत बोलजा थोडंसं. घुम्यासारखे बसू नका."

उमेदवार दोनच उरले होते, आणि दोघंही माझ्या ओळखीचे. दिपमाला मॅडम विज्ञानाच्या. माहेर साक्रीकडच्या एका खेड्यातलं. आधीचे मुख्याध्यापक सोडून गेल्यापासून अडीच वर्षं त्याच 'प्रभारी' म्हणून सगळं पाहत होत्या. दुसरे भूषण सर, इंग्रजीचे. दोघं एकाच वर्षी, एकाच आठवड्यात नोकरीला लागलेले. मला मनातून वाटत होतं की हा नुसता उपचार आहे. अडीच वर्षं जी बाई खुर्चीत बसून काम करते आहे, तिला खुर्ची द्यायची की नाही, हे ठरवायला तीन माणसं कशाला हवीत?

शनिवारी सकाळच्या एसटीनं धुळ्याला पोचलो. समितीत तिघेच होतो. अध्यक्ष हिलाल नाना, त्यांचा पुतण्या स्वप्नील, जो वकील आणि संस्थेचा सचिव आहे, आणि मी.

"काय सर, बठ्ठं बरं शे ना?" नानांनी मला स्वतःच्या शेजारी बसवून घेतलं. "तुम्ही आले म्हणजे मला चिंता नाही. हा स्वप्नील लॅपटॉपशिवाय बोलत नाही, आणि मी माइकशिवाय. मधे एक शहाणा माणूस पाहिजे."

मुलाखती तासाभरात झाल्या. दोघांना सारखेच प्रश्न विचारले. वसतिगृहाच्या जेवणावरून मुलं उपोषणाला बसली तर काय कराल, असा एक प्रश्न होता. भूषण सर दहा मिनिटं बोलले, शिस्तीवर आणि संवादावर. चांगलं बोलले. दिपमाला मॅडम म्हणाल्या, "गेल्या श्रावणात बसली होती. मी आठ दिवस त्यांच्याच ताटात जेवले आणि नवव्या दिवशी ठेकेदार बदलला." त्यांना वाटलं, उत्तर झालं. मलाही तसंच वाटलं.

त्या बाहेर गेल्यावर नाना माझ्याकडे वळले. "पाहिलं ना सर? मी घर, नवरा, पोरंबाळं, तसलं काही विचारलं नाही. आता ते दिवस गेले. आपण फक्त कागद पाहायचा."

"कागद मी तयार ठेवलाय," स्वप्नील म्हणाला आणि त्यानं लॅपटॉप आमच्याकडे फिरवला.

इथे मला गोपनीय अहवालांबद्दल सांगितलं पाहिजे. दरवर्षी एप्रिलात प्रत्येक कर्मचाऱ्याचा अहवाल भरला जातो. विषयाचं ज्ञान, वक्तशीरपणा, सचोटी, असे रकाने असतात आणि त्यात अ, ब, क अशा श्रेणी द्यायच्या असतात. शेवटी शेऱ्याचा रकाना, त्यात तीन कोऱ्या ओळी. हे काम मुख्याध्यापकांचं. आमचे तेव्हाचे मुख्याध्यापक चिंधा सर गणिताचे होते आणि लिहायचा त्यांना मनापासून कंटाळा. मी पर्यवेक्षक झालो त्या पहिल्याच एप्रिलात त्यांनी सगळा गठ्ठा माझ्यापुढे टाकला. "श्रेण्या मी देतो, शेरा तुम्ही लिहा. तुमची भाषा गोड. सही मी ठोकतो." पुढे बारा वर्षं तसंच चाललं.

मला त्या कामाचा आनंद होता, हे लपवून उपयोग नाही. तरुणपणी मला लिहायचं होतं. ते जमलं नाही. दोन-तीन वह्या भरल्या आणि कुणाला न दाखवताच बांधून ठेवल्या. मग चौतीस माणसं आणि प्रत्येकी तीन ओळी, एवढंच माझं लिखाण. मी एकेका शब्दावर दिवस दिवस घालवायचो. ज्याचा अहवाल त्याला वाचायला मिळत असे, आणि एखादा शिक्षक येऊन "सर, छान लिहिलंय" असं म्हणाला की पुढचा आठवडा बरा जायचा.

स्वप्नीलनं या दोघांचे माझ्या काळातले बारा वर्षांचे शेरे काढून त्यातल्या शब्दांचा तक्ता केला होता. डावीकडे दिपमाला मॅडम, उजवीकडे भूषण सर.

डावीकडे होतं: सोशिक. मनमिळाऊ. मृदुभाषी. विद्यार्थ्यांवर मातृवत प्रेम. कष्टाळू. सोशिक. सर्वांना सांभाळून घेणाऱ्या. निगर्वी. सोशिक.

उजवीकडे: करारी. धडाडीचे. निर्णयक्षम. नेतृत्वगुण. शिस्तीचे भोक्ते. खंबीर.

"बारा वर्षांत 'सोशिक' तीन वेळा आलंय," स्वप्नील म्हणाला. "आणि 'निर्णय' हा शब्द मॅडमच्या बाजूला एकदाही नाही. मी शोधून पाहिला."

तक्ता अगदी खरा होता. शब्द माझेच होते. पण सुटे, ओळीत उभे केलेले ते शब्द मला ओळखू येईनात. 'सोशिक' हा शब्द मी फार जपून वापरायचो. माझ्या आईला लोक सोशिक म्हणत. माझ्या हिशेबी त्याहून मोठी पदवी नव्हती.

"उणिवाही पाहा," नाना म्हणाले. "पोरानं काही सोडलं नाही."

एका वर्षी भूषण सरांबद्दल लिहिलं होतं, 'क्वचित तापट, परंतु त्यामागे शिस्तीची तळमळ.' त्याच वर्षी दिपमाला मॅडमबद्दल, 'आग्रही स्वभावाला मुरड घालावी.'

ते वर्ष मला आठवलं. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गॅसची नळी गळत होती. तपासणी पथक चार दिवसांवर आलेलं. चिंधा सर म्हणाले, पथक जाऊ द्या, मग पाहू. मॅडमनी प्रयोगशाळेला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकून त्या घरी गेल्या. नळी बदलली तेव्हाच कुलूप उघडलं. त्याच पावसाळ्यात भूषण सरांनी क्रीडांगण आठ दिवस बंद ठेवलं होतं, मुलांनी फाटकाची मोडतोड केली म्हणून. तोंडानं शिव्याही दिल्या होत्या. त्याला मी तळमळ म्हटलं.

का म्हटलं? मला खरंच माहीत नाही. कुणी सांगितलं नव्हतं. लिहिताना वाक्य जसं सुचलं तसं उतरलं आणि कानाला बरं वाटलं.

"बाई चांगली आहे," नाना सांगत होते. "चालवते पण छान. पण चालवणं निराळं, प्रमुख असणं निराळं. सर, तुम्हीच लिहिलंय ना, मातृवत. वसतिगृहाला आई बरी. संकुलाला बाप लागतो."

"नाना," मी म्हणालो. "ते शेरे मी लिहिलेत."

"मग काय! प्रश्नच मिटला."

"तसं नाही. ते चुकलेत, असं मला वाटतंय."

नाना हसले. वाईट मनानं नव्हे. "बारा वर्षं चुकले? सर, माझ्या भाषणातला ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही स्टेजवर चिठ्ठी पाठवून दुरुस्त केलाय. तुम्ही आणि चुकणार!"

"शब्द चुकले नाहीत. माणूस चुकलं."

"म्हणजे भूषणचंही चुकलं? तो खंबीर नाही?"

भूषण सर खंबीर नाहीत असं मला म्हणता येईना. ते आहेतही, त्यांच्या परीनं. आणि मग मलाच शंका येऊ लागली. मी जे पाहिलं तेच लिहिलं असेल तर? आज सहा वर्षांनी, एक तक्ता पाहून मला वाईट वाटलं, म्हणून ते खोटं ठरतं का? एखाद्या गोष्टीची दुसरी बाजू दिसली की माझी जीभ थांबते, ही माझी जन्माची खोड. वर्गात ती चालून जायची.

"सरांना वेगळं मत नोंदवायचं असेल तर नोंदवू द्या की, काका," स्वप्नील म्हणाला. त्यानं इतिवृत्ताचा कागद माझ्यापुढे सरकवला. "इथे जागा आहे, सर. तुम्ही लिहा. मी जसंच्या तसं टाइप करतो."

त्याचा हेतू चांगला होता. मला लेखणी दिली, जागा दिली आणि दोघं चहा घेत थांबले. जन्मभर मी हीच तर तक्रार करत आलो होतो, की बोलता येत नाही, पण लिहायला मिळालं असतं तर दाखवलं असतं.

मी लिहिलं: 'श्रीमती दिपमाला याही सर्वथा पात्र आहेत, असे माझे नम्र मत आहे.'

स्वप्नीलनं वाचून मान डोलावली. "बरोबर. म्हणजे निवड भूषण सरांची, आणि मॅडम प्रतीक्षा यादीत पहिल्या. एकमतानं झालं." त्यानं टाइप केलं, छपाई झाली, आणि सहीसाठी कागद माझ्यापुढे आला.

'याही.' मी त्या शब्दाकडे पाहत राहिलो. 'च' आणि 'ही' यांतला फरक मी एकतीस वर्षं आठवीच्या मुलांना फळ्यावर लिहून शिकवला. 'रामच आला' आणि 'रामही आला'. याच पात्र आहेत, असं लिहायचं होतं. हातानं 'ही' लिहिलं. भांडण नको होतं, नानांना दुखवायचं नव्हतं, भूषण सरांचाही मान राखायचा होता, आणि ते सगळं त्या एका अक्षरात मावलं.

खोडून पुन्हा लिहितो, असं म्हणता आलं असतं. छपाई झाली होती, नाना उठून खिडकीपाशी फोनवर बोलत होते. मी सही केली.

खाली आलो तर मुख्याध्यापकांच्या खोलीत दिपमाला मॅडम बसल्या होत्या. मला पाहून त्या उभ्या राहिल्या, पण फोन कानालाच होता. "नाही, दोन सिलेंडर आजच पाहिजेत. संध्याकाळी दोनशे पोरांचं जेवण आहे. नाही, सोमवारी चालणार नाही. ठेवते मी, तासाभरात गाडी आली पाहिजे." मग माझ्याकडे पाहून, "या ना सर. पाणी घ्या. एवढ्या लांबून आलात."

निकाल सांगायचा नाही, असा नियम होता. मी पाणी प्यालो आणि ग्लास ठेवायला जागा शोधत राहिलो.

"भूषण सर ना?" त्या म्हणाल्या.

मी ग्लास टेबलाच्या कडेला ठेवला. त्यांनी मान हलवली आणि टेबलावरचे कागद सारखे केले.

"मी लिहून दिलंय," मी घाईनं म्हणालो. "की तुम्ही पात्र आहात म्हणून."

"काय लिहिलंत?"

आता ते वाक्य मला म्हणून दाखवावं लागलं. अगदी 'नम्र मत' इथपर्यंत.

"याही," त्या हळूच म्हणाल्या. तेवढंच. मग, "सर, शेरे पाहिले का त्यांनी? अर्जाला मी मुद्दाम तुमच्या बाराही वर्षांच्या प्रती जोडल्या होत्या. मागितल्या नव्हत्या त्यांनी. मला वाटलं, श्रेण्या सगळ्यांनाच 'अ' असतात, पण असं लिहिलेलं कुणाकडे असणार?"

"तुम्ही जोडल्या?"

"हो. मी घरी नेऊन आईला वाचून दाखवायचे दर वर्षी. तिला काय, लिहिता-वाचता येत नाही. एकदा तिनं विचारलं, सोशिक म्हणजे काय गं? मी म्हटलं, सोसणारी. तर म्हणे, 'तू काय सोसस तठे? मास्तरले इचार.'" त्या हसल्या. "मी नाही विचारलं. मला वाटलं, आईला भाषा कळत नाही."

मॅडमच्या आईला, साक्रीकडच्या भिकुबाईंना, मी कधी भेटलो नाही. मला त्यांच्याइतकंही कळलं नव्हतं.

"मॅडम, तुम्ही प्रयोगशाळेला कुलूप लावलं होतं ते वर्ष..."

"आग्रही स्वभावाला मुरड," त्या लगेच म्हणाल्या. पाठ होतं त्यांना. "घातली ना सर मी. त्यानंतर कुलूप नाही लावलं कधी. अर्ज देत बसले, विनंत्या करत बसले. जिथे चार दिवसात काम व्हायचं तिथे चार महिने लागायला लागले. मला वाटलं, हे चांगलं असेल. तुम्ही लिहिलंय म्हणजे."

त्या रागानं बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या एखादा प्रयोग फसला कसा, ते सांगावं तशा बोलत होत्या.

टेबलावर एक गठ्ठा होता. यंदाचे गोपनीय अहवाल. मी ते कागद लांबूनही ओळखतो. "सोमवारी पदभार द्यावा लागेल, त्याआधी हे संपवते," त्या म्हणाल्या. "शेरा लिहायला मला फार वेळ लागतो. तुमच्यासारखं जमत नाही. म्हणून तुमचे जुने समोर ठेवते आणि बघून बघून लिहिते."

सगळ्यात वरचा अहवाल रूपा नावाच्या शिक्षिकेचा होता. मी तिला ओळखत नाही. माझ्यानंतर लागलेली. मी विचारलं नाही आणि त्यांनी झाकलाही नाही. सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'मनमिळाऊ व सोशिक. सर्वांना सांभाळून घेणाऱ्या.'

त्या माझ्या नजरेकडे पाहत होत्या. मग त्यांनी स्वतः तो कागद वाचला. नंतर खालचा काढून वाचला, त्याच्या खालचा वाचला. खोलीतला पंखा गठ्ठ्याची टोकं उडवत होता आणि त्या एका हातानं ती दाबून धरत होत्या.

"ही रूपा काय करते?" मी विचारलं.

"हजेरीचं सगळं कॉम्प्युटरवर आणलं तिनं. दोघं क्लार्क विरोधात होते. ऐकलंच नाही तिनं कुणाचं. सुट्टीत येऊन बसली, पंधरा दिवसात केलं." त्यांनी कागद पुन्हा पाहिला. "आणि मी लिहिलं, सांभाळून घेणाऱ्या."

"मग तेच लिहा. जे केलं ते."

"शाईनं लिहिलंय, सर. अहवालात खाडाखोड चालत नाही. नवीन फॉर्म आणावा लागेल." त्यांनी कपाट उघडून कोरे फॉर्म काढले आणि मोजले. अकरा शिक्षिका होत्या. फॉर्म सात निघाले. त्यांनी शिपायाला हाक मारली. मग मला म्हणाल्या, "तुम्ही निघा सर, नाहीतर दुपारची गाडी चुकेल. मला आता बराच वेळ लागेल."

मला क्षमा मागायची होती. तसं एक वाक्य मी मनात तयारही केलं होतं. ते इतकं नीटनेटकं होतं की मला ते उच्चारायची लाज वाटली. मी नमस्कार केला आणि बाहेर पडलो.

फाटकापाशी भूषण सर मोटरसायकल लावून उभे होते. वर नाना फोनवर कुणाशी बोलत होते ते मला तेव्हा कळलं. सरांनी वाकून माझ्या पायाला हात लावला.

"सर, तुमचे उपकार. नाना म्हणाले, तुमच्या शेऱ्यांवरच ठरलं सगळं."

"अहो, उपकार कसले..."

"बसा, स्टँडवर सोडतो. या उन्हात रिक्षा शोधत फिरू नका."

गुडघे दुखत होते. मी मागे बसलो. भूषण सर माणूस वाईट नाहीत. गाडी हळू चालवत होते, खड्डा आला की "सांभाळा सर" म्हणत होते. चौकात सिग्नलला थांबल्यावर मान वळवून म्हणाले, "मला कारभाराचा अनुभव कमी आहे, ते मान्य आहे मला. पण दिपमाला मॅडम आहेतच ना. सगळं त्यांना विचारूनच करीन. त्या काही वाईट वाटून घेणार नाहीत. सोशिक आहेत."

"नाहीत," मी म्हणालो.

मागून ट्रकवाल्यानं हॉर्न दिला आणि सिग्नल सुटला.

"काय म्हणालात सर?"

"त्या सोशिक नाहीत. मी चुकीचं लिहिलं."

"तुम्ही आणि चुकीचं!" ते मोठ्यानं हसले. त्यांच्या पाठीतून ते हसू मला जाणवलं.

स्टँडवर जळगावची गाडी लागलेली होती आणि दाराशी झुंबड होती. मला खाली उतरवून भूषण सर धावत पुढे गेले, खिडकीतून हात घालून एका जागेवर त्यांनी रुमाल टाकला आणि लोकांना ओरडून सांगितलं, "म्हातारं माणूस आहे, जागा सरांची आहे!" लोक बाजूला झाले. मी चढलो, रुमाल उचलून त्यांना खिडकीतून परत दिला आणि त्या जागेवर बसलो.